सफाईच्या ठेक्यात मजुरीवर बोली लावू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेचे स्वच्छता निरीक्षक विचारतात : शहर सफाई आणि घंटागाड्यांचा चाळीस माणसांचा ठेका संपत आलाय, नवी निविदा काढायची आहे. ठेकेदाराने किमान वेतनापेक्षा जास्त, म्हणजे घर नीट चालेल एवढा पगार द्यावा, अशी अट घालता येते का? लेखापरीक्षणात अडकू का? आणि अट घातली तरी पैसे कामगाराच्याच हातात पडले हे बघायचं कसं? शेवटी त्यांनी असंही लिहिलंय की जुन्या ठेकेदाराने तीन महिन्यांचा पगार थकवलाय, त्याचं काय करावं.

मी सत्तावीस वर्षं कोल्हापुरात कामगार कायद्याचं काम करतोय. सुरुवातीची नऊ वर्षं ठेकेदारांची पगारपत्रकं लिहिण्यात गेली, त्यानंतर बहुतेक काम कामगारांच्या दाव्यांचं. त्यामुळे मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, कुठे खरं असतं आणि कुठे रंगवलेलं असतं, ते बऱ्यापैकी कळतं.

अट घालता येते. किमान वेतनाच्या खाली जायला कायद्याने बंदी आहे, वर जायला नाही. पण साहेब, नुसती अट लिहून काही होत नाही. सफाई कामगाराचा पगार मारला जातो तो महिन्याच्या सात तारखेला नाही, तर ज्या दिवशी तुमच्या सभागृहात दराचे लिफाफे उघडतात त्या दिवशी. पुढचं सगळं त्याचाच हिशेब असतो.

हिशेब करून दाखवतो. आकडे सोयीसाठी धरलेत, तुमच्या परिमंडळाचा (किमान वेतनासाठी ठरलेल्या भागाचा) चालू दर त्यात घाला. समजा मूळ वेतन आणि महागाईनुसार बदलणारा विशेष भत्ता मिळून कामगाराला महिना १५,००० रुपये बसतात. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआय (कामगार राज्य विमा) ३.२५ टक्के, म्हणजे ४८७. किमान बोनस ८.३३ टक्क्यांनी १,२४९. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी ७२१. एका माणसामागे साधारण १९,४०० रुपये झाले. यात रजेवरच्या माणसाचा बदली नाही, गमबूट-हातमोजे नाहीत. चाळीस माणसांचे महिन्याला ७,७६,००० रुपये. त्यावर ठेकेदाराचा खर्च आणि नफा १० टक्के धरून अंदाजपत्रक झालं ८,५३,६०० रुपयांचं. आता निविदा उघडली आणि एकाने २२ टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी, भरलंय. सगळे टाळ्या वाजवतात, नगरपरिषदेचे पैसे वाचले म्हणून. २२ टक्के बिलो म्हणजे ६,६५,८०८ रुपये. कायद्याने द्यावेच लागणारे पैसे ७,७६,००० आणि हातात येणार ६,६५,८०८. दरमहा १,१०,१९२ रुपये कमी. चाळीसने भागा, माणशी २,७५५ रुपये.

पीएफ आणि ईएसआय मिळून २,४३७ होतात. म्हणजे ठेकेदाराने दोन्ही पूर्ण बुडवले आणि स्वतःला एक रुपयाही नफा घेतला नाही, तरी त्याचं भागत नाही. हे गणित निविदा समितीतल्या कुणालाही पाच मिनिटांत करता येतं. ते न करता त्या दरावर सही होते, तेव्हा कामगाराच्या ताटातून काय काढायचं ते त्या टेबलावरच ठरलेलं असतं. ठेकेदार फक्त वसुली करतो.

ही वसुली कशी होते ते मी डोळ्यांनी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एका नगरपरिषदेच्या कामगारांचा दावा माझ्याकडे होता. कागदावर सगळं चोख : प्रत्येकाचं बँक खातं, प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण किमान वेतन जमा. मग तक्रार कसली, असं अधिकारी विचारत होते. एका बाईंनी सांगितलं, पगाराच्या दुसऱ्या दिवशी पहाटे एटीएमपाशी येऊन उभे राहा. गेलो. साडेपाचला मुकादम आला. खिशातून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढला. तेरा एटीएम कार्डं, प्रत्येकावर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बॉलपेनने नाव आणि चार आकडे. एकेक कार्ड घालायचं, पैसे काढायचे, चार हजार बाजूला ठेवून बाकीचे त्या नावाच्या पाकिटात. बाया खराटे घेऊन पलीकडे रांगेत उभ्या, पाकीट घ्यायचं आणि कामाला लागायचं. बँकेचा उतारा न्यायाधीशांसमोर ठेवला असता तर ठेकेदार निर्दोष सुटला असता. म्हणून ‘पगार बँकेतूनच देणे बंधनकारक’ एवढ्या एका ओळीवर विसंबून राहू नका.

सुप्रीम कोर्टाने १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात स्वच्छ सांगितलंय, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ खाली वेठबिगारीच आहे. माणूस स्वतःहून कामावर आला होता, ही सबब कोर्टाने मानली नाही. भूक हीसुद्धा जबरदस्तीच, असं त्या निकालाचं म्हणणं. वेठ हा शब्द आपल्याला कोल्हापुरात समजावून सांगावा लागू नये. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात वेठ बंद करण्याचे हुकूम काढले. त्याच मातीत सार्वजनिक पैशाच्या ठेक्यावर पहाटे कार्डांचा गठ्ठा निघतो, हे मला सहन होत नाही. तेव्हाही झालं नाही.

आता निविदा कशी बांधायची ते. मजुरीचा भाग बोलीतून बाहेर काढा. दरपत्रकाच्या तक्त्यात मजुरी, विशेष भत्ता, पीएफ, ईएसआय, बोनस, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा आणि साप्ताहिक सुट्टीच्या बदलीचा खर्च तुम्हीच भरून द्या, आणि ‘या रकमेवर दर भरता येणार नाही’ असं ठळक छापा. स्पर्धा राहू दे ती सेवाशुल्कावर (ठेकेदाराचा खर्च आणि नफा), गाड्यांच्या भाड्यावर, कामाच्या आराखड्यावर. सेवाशुल्कालाही किमान मर्यादा ठेवा. शून्य टक्के सेवाशुल्क भरणारे महाभाग भेटतात. आयकराचीच टीडीएस फर्मच्या बिलातून २ टक्के कापली जाते, वर ऑफिस, सुपरवायझर, बँक हमीचा खर्च. शून्यावर काम करणाऱ्याने आपले पैसे कुठून काढायचे ठरवलंय, हे विचारायची गरज नाही. जादा बिलो भरणाऱ्याकडून जादा अनामत घेण्याची पद्धत बांधकामाच्या कामात आहे, पण माणसांच्या ठेक्यात तिचा उपयोग नाही. ती अनामतसुद्धा शेवटी मजुरीतूनच निघते.

अंदाजपत्रक करताना अजून एक चूक सर्रास होते. महाराष्ट्रात ग्रामपंचायती वगळून बाकीच्या स्थानिक प्राधिकरणांच्या कामाला किमान वेतनाची स्वतंत्र अधिसूचना आहे. तरी कुणीतरी दुकाने-आस्थापनांचा किंवा दुसऱ्याच उद्योगाचा दर उचलतो आणि पाया तिथेच खचतो. दर शोधताना अनुसूचीचं, म्हणजे तो दर कुठल्या कामाचा आहे त्याचं, नाव बघा. विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारीत आणि जुलैमध्ये. निविदेत लिहून ठेवा, की भत्ता वाढेल तसा त्या तारखेपासून बिलात आपोआप वाढेल, त्याला वेगळा ठराव लागणार नाही. हे वाक्य नसल्यामुळे तीन वर्षांच्या ठेक्यात सहा वेळा भत्ता वाढतो आणि कामगार पहिल्या दिवसाच्या दरावरच अडकलेला असतो. ठेकेदार म्हणतो नगरपरिषद देत नाही, नगरपरिषद म्हणते करारात नाही. या एकाच मुद्द्यावर मी जितके दावे चालवलेत तितके दुसऱ्या कशावर नाहीत.

किमान वेतनाच्या वर किती, हा तुमचा मूळ प्रश्न. घटनेच्या कलम ४३ मध्ये ‘निर्वाह वेतन’ असा शब्द आहे. त्याचं गणित हवेतलं नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने मोजमाप ठरवलं : कमावत्या माणसामागे खाणारी तीन एककं (एक एकक म्हणजे एका मोठ्या माणसाचा आहार), दर एककाला रोज २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी घरकुल योजनेइतकं किमान भाडं, आणि जळण-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात १९९१ साली सुप्रीम कोर्टाने यात शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. बाहेरच्या देशांतही हे चालतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने १९९४ साली महापालिकेच्या ठेकेदारांना निर्वाह वेतनाची अट घातली आणि मग पुष्कळ शहरांनी ती उचलली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सार्वजनिक ठेक्यांमधल्या कामगार-कलमांचा ९४ क्रमांकाचा करार तर १९४९ चा आहे.

पण तुम्ही बाल्टिमोरचं बघू नका, लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात जा. ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, तेल, गूळ, चहापूड यांचे त्या दिवशीचे किरकोळ भाव लिहून घ्या, भाजीचे कपिलतीर्थात. नाही तर तुमच्या गावच्या आठवडी बाजारात. कामगार जिथे राहतात त्या गल्लीतल्या दोन खोल्यांचं भाडं विचारा, गॅस टाकीची पावती बघा. हा एक पानाचा तक्ता करून मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने फाइलला लावा. मी हे एकदा दोन कामगार बायकांना बरोबर घेऊन केलं. तिसऱ्या ओळीवरच एकीने थांबवलं : “तीन माणसं कुठली साहेब, सासू हाय, तिच्या बीपीच्या गोळ्या लिवा की.” १९५७ च्या मोजमापात सासू नाही, हे खरंच आहे. माझ्या मते तीनऐवजी साडेतीन एककं धरणं जास्त प्रामाणिक ठरेल. जो आकडा निघेल त्यातून किमान वेतन वजा करा. राहिलेला फरक तक्त्यात ‘निर्वाह वाढ’ म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवा, म्हणजे उद्या भत्ता वाढला तर कुणी तो त्यातून वळता करणार नाही.

लेखापरीक्षणाची भीती रास्त आहे, पण आक्षेप येतो तो कारण न लिहिल्यामुळे. हा तक्ता, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि अंदाजपत्रकात केलेली तरतूद असेल तर उत्तर तयार असतं. निविदेच्या अटी ठरवणं हा प्रशासनाचा अधिकार आहे. त्या मनमानी किंवा कुणा एकाच्या सोयीच्या नसतील तर न्यायालय सहसा हात घालत नाही. सगळ्या ठेकेदारांना एकच मजुरी, यात मनमानी कुठे आली? उलट जुन्या कंत्राटी कामगार नियमांत असं कलमच होतं, की कायम माणसासारखंच किंवा तशाच स्वरूपाचं काम असेल तर ठेक्यावरच्या माणसाला वेतनही तेच. कायम झाडूवाल्याच्या शेजारची गल्ली झाडणाऱ्या बाईला अर्धा पगार, हे आजवर का चालत आलं, याचं उत्तर लेखापरीक्षकांनी कधी मागितलं नाही.

कायदा बदललाय, तेही लक्षात घ्या. जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. जुन्या किमान वेतनाच्या अधिसूचना विसंगत नसतील तोवर चालू राहतात. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ नियोक्त्याने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचा, ही १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातली जबाबदारी नव्या संहितेतही आहे. मूळ नियोक्ता म्हणजे तुमची नगरपरिषद. शिवाय ‘मुख्य कामा’साठी कंत्राटी कामगार नकोत, असं संहिता म्हणते. सफाई त्यातून वगळली आहे, पण ती आस्थापना सफाईसाठीच स्थापन झालेली नसेल तरच. आता नगरपरिषद कशासाठी स्थापन झाली? सार्वजनिक स्वच्छता हे तिचं कायद्याने बांधलेलं कर्तव्य आहे. हा मुद्दा पुढे न्यायालयात चांगलाच तापणार, असं माझं मत आहे. मुख्याधिकाऱ्यांच्या कानावर आताच घाला.

पैसे पोचले का, हे बघण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही, सवय लागते. बिलासोबत पीएफचं चलन जोडलं की लिपिक समाधानी असतो. एकच चलन तीन नगरपरिषदांना जोडलेलं मी पाहिलंय. चलनावर एकूण रक्कम असते, माणसं नसतात. ईसीआर, म्हणजे पीएफची महिन्याची नावनिहाय यादी, मागा, त्यात नावानिशी यूएएन (प्रत्येकाचा पीएफ क्रमांक) असतात, ते तुमच्या हजेरीशी एकेक करून जुळवा. आणि ‘एनसीपी दिवस’ हा रकाना जरूर वाचा. बिनपगारी दिवस तिथे टाकतात. मस्टरवर सव्वीस दिवस हजर असलेला माणूस ईसीआरमध्ये तेरा दिवस गैरहजर दाखवला की पीएफ निम्मा होतो, आणि चलन मात्र खरंखुरं असतं. दर तीन महिन्यांनी हजेरीच्या जागी अर्धा तास बसा. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांना पीएफचं पासबुक उघडून दाखवा. एटीएम कार्ड कुणाकडे आहे ते प्रत्येकाला विचारा, मुकादम नसताना. मजुरीचा दर, त्यातल्या कपाती आणि हातात पडायची रक्कम मराठीत मोठ्या अक्षरात फलकावर लिहून तिथेच लावा. त्या एटीएमच्या प्रकरणातल्या बाईंना आपला कायदेशीर पगार किती, हे पहिल्यांदा कळलं ते माझ्या ऑफिसात.

ठेकेदारांच्या बाजूचंही बोलतो, कारण त्यांच्यात सरळ माणसं आहेत आणि ती दर निविदेत हरतात. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. पण नगरपरिषद स्वतः चार-चार महिने बिल अडवून ठेवते. आठ लाखांचा पगार चार महिने खिशातून घालायचा तर ठेकेदार व्याजाने पैसे उचलतो, आणि ते व्याज पुन्हा त्याच कामगारांकडून वसूल होतं. मजुरीचं बिल ठराविक दिवसांत मंजूर होईल आणि उशीर झाला तर ठेकेदाराला व्याज मिळेल, हे नगरपरिषदेने स्वतःवर बांधून घ्यावं. मजुरीसाठी वेगळं बँक खातं ठेवलं आणि त्यातून फक्त कामगारांच्याच खात्यावर पैसे जातील अशी सोय केली तर फारच उत्तम.

ठेकेदार बदलला तरी माणसं तीच राहतील, अशीही अट घाला. दर दोन वर्षांनी नवा ठेकेदार, नवी भरती, आणि ‘कामावर लावायचे’ म्हणून माणशी काही हजार उकळायचे, हा स्वतंत्र धंदा झालाय. त्यात सेवा तुटते आणि ग्रॅच्युइटी कधीच लागत नाही.

साधनांबद्दल थोडंच लिहितो. घनकचरा नियम २०१६ मध्येच गणवेश, चमकणारं जॅकेट, हातमोजे, रेनकोट, बूट, मास्क हे सगळं आलं होतं. फक्त बूट घेताना बायकांच्या पायांची मापं घ्या. २०१९ चा पूर ओसरल्यावर गाळ काढायला आलेल्या बाया आठ नंबरच्या पुरुषी गमबुटांत चिंध्या कोंबून चालत होत्या. दोघी घसरून पडल्या, एकीचं मनगट मोडलं. गटारात माणूस उतरवण्याचा तर प्रश्नच येऊ नये. ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर गटारात मृत्यू झाला तर भरपाई ३० लाख रुपये आहे, आणि ‘तो ठेकेदाराचा माणूस’ हे उत्तर चालत नाही.

आता ती तीन महिन्यांची थकबाकी. नव्या निविदेची वाट बघू नका. जुन्या ठेकेदाराचं शेवटचं बिल आणि सुरक्षा अनामत सोडू नका. त्याला लेखी नोटीस द्या, आणि तरी त्याने पैसे दिले नाहीत तर मूळ नियोक्ता म्हणून नगरपरिषदेनेच कामगारांच्या खात्यावर पगार जमा करून अनामतीतून वसूल करावा. ही मेहेरबानी नाही, कायद्याने तुमच्यावर टाकलेलं काम आहे. तसं झालं नाही तर कामगार किंवा त्यांची संघटना दावा लावू शकते. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, वेतन संहितेत ती तीन वर्षं आहे, आणि मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते. मुख्याधिकाऱ्यांना हा आकडा सांगितला की फाइल हलते, असा माझा अनुभव आहे.

त्या तीन महिन्यांची मूळ हजेरी वही मात्र आजच ताब्यात घ्या. ठेका संपला की सगळ्यात आधी तीच गहाळ होते. पानांना क्रमांक घाला, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि चाळीसही जणांच्या पासबुकाच्या गेल्या सहा महिन्यांच्या पानांच्या झेरॉक्स करून घ्या. ज्यांचं पासबुक मुकादमाकडे आहे, त्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहा.